गाबोळी

खाडीतल्या बोय माशात पहिल्यांदा गाबोळी निघाली तेव्हा प्रेमलाला आनंदच झाला. माशाची अंडी तळून वाढली की तिचा नवरा धोंडू दोन घास जास्त जेवायचा.

मग प्रत्येक बोयमध्ये गाबोळी निघू लागली. हंगाम सरला तरी निघत राहिली. एका नराच्या पोटात तर अर्ध्या भागात अंडीच होती.

"अवो, धड नर एकपण गावत नाय," ती म्हणाली.

"वरून कारखान्याचं पाणी येतंय," धोंडू म्हणाला. "तू तळ. भूक लागलीय."

तो रोज तेच खात होता. एवढी अंडी असून खाडीत पिल्लं मात्र दिसत नव्हती. हळूहळू प्रेमलाने त्याबद्दल बोलणं सोडून दिलं.

बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर सून करुणा पुन्हा कामाला जाऊ लागली. नातू भुकेने रडायला लागला की धोंडू त्याला उचलून माजघरात न्यायचा आणि दार लोटून घ्यायचा. रडणं थांबायचं. प्रेमला बाहेर मासे साफ करत राहायची.

एका दुपारी करुणा लवकर घरी आली. तिने बाळाला छातीशी घेतलं, पण बाळाने तोंड फिरवलं.

"आई, मी काढून ठेवलेलं दूध तसंच आहे. मग याचं पोट एवढं टम्म कसं?"

प्रेमला खवले काढत राहिली.

तेवढ्यात धोंडू माजघरातून बाहेर आला. त्याच्या बनियनवर छातीपाशी दोन ओले डाग होते.

त्याला बघताच बाळाने हात पसरले.