पुढचा चाप

दुनळी बंदुकीच्या उजव्या नळीत रानकोंबड्यासाठी छऱ्यांचं काडतूस होतं, डाव्या नळीत सांबरासाठी गोळीचं. पुढचा चाप छऱ्यांचा, मागचा गोळीचा, असं घोकत तो दबा धरून बसला होता. समोरची कारवीची झुडपं हलली आणि त्यानं बार काढला.

“आई गं!”

सांबर असं ओरडत नाही.

हाका घालून जनावर उठवायला गेलेला मेहुणा कारवीतून बाहेर आला. छातीवर रक्ताचे चार-पाच ठिपके होते, पण चालत होता. कळवळतच म्हणाला, “अहो दाजी, सांबराला छरे? गोळी नव्हती व्हय?”

त्यानं बंदूक उघडली. डाव्या नळीतलं काडतूस शाबूत होतं. घाईत बोट पुढच्याच चापावर पडलं होतं.

“नव्हती रे,” म्हणत त्यानं ते काडतूस खिशात लपवलं.