मनगटावरची टिकली

वैजयंताबाईंनी मोठ्या कागदावर माणसाचं चित्र काढलं आणि बालवाडीतल्या पोरांना विचारलं, "भीती कुठे वाटते? तिथे टिकली लावा बरं."

कुणी पोटावर लावेल, कुणी छातीवर, असं बाईंना वाटलं होतं. सतराच्या सतरा टिकल्या मनगटावर चिकटल्या.

"अरे, मनगटात कशी वाटेल भीती?"

"पट्टी थरथरते ना, बाई," शाल्मली म्हणाली. "लाल झाली की भ्यायचं, असं आईनं सांगितलंय."

मनातलं ओळखून सांगणारी ती पट्टी पोरांच्या हाताला जन्मापासून होती. आज तेवढ्या सगळ्यांच्या पट्ट्या चार्जिंगला लावल्या होत्या.

"आणि पोटात गोळा येतो तो?"

"ती भूक असते," पोरं एका सुरात म्हणाली.

शाल्मली शूला म्हणून उठली. दाराशी, चपलांच्या ढिगातून, कुकरच्या शिटीसारखा फुत्कार आला. घोणस! बाईंच्या पोटात गोळा आला.

"शाल्मली, मागे ये! भीती नाही का वाटत तुला?"

शाल्मलीनं सापाकडे पाहिलं, मग आपल्या मोकळ्या मनगटाकडे नीट निरखून पाहिलं.

"नाही, बाई," ती म्हणाली, आणि चप्पल घ्यायला वाकली.