मधल्या कड्यातले प्याले

कोणती बाटली कुठे ओतली, ते मारितला काही केल्या आठवेना.

चर्चच्या वेदीवर चाळीस इवल्या प्याल्यांचा गोल ट्रे झाकून ठेवला होता. बाहेरच्या कड्यांत वाइन, मधल्या कड्यात द्राक्षाचा नुसता रस, ज्यांना दारू चालत नाही त्यांच्यासाठी. रंग दोन्हींचा एकच. सकाळी मागच्या खोलीत ते तिनेच भरले होते, एकटीने. पाच महिन्यांची इंगा कडेवर किंचाळत होती. नवरा तेलविहिरीवर कामाला, अजून दहा दिवस यायचा नव्हता.

पहिल्या बाकावर ऑर्व्हिल बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी. अकरा महिने तो दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. आज कित्येक वर्षांनी तो प्रभुभोजनाला, भाकर-वाइनच्या प्रसादाला, पुढे येणार होता.

"आला बघ तुझा पाहुणा," शेजारच्या आर्डिसबाई कुजबुजल्या. "याच्यापायी रस आणा, ट्रे बदला. उद्या म्हणेल, भाकर नको, केक द्या."

"हळू बोला ना. ऐकू जाईल त्यांना."

"जाऊ दे की! आणि तुला गं एवढा घाम कसला? बाहेर बर्फ पडतंय."

मारितने पेपरमिंटची गोळी दाढेखाली सरकवली. उठून सांगावं? सगळ्यांदेखत? मग ऑर्व्हिल पुन्हा या दारात पाऊल टाकायचा नाही. न सांगावं, तर एक घोट, आणि अकरा महिने पाण्यात.

रांग सरकली. इंगाला घेऊन ती ऑर्व्हिलच्या अगदी शेजारी गुडघे टेकून बसली. पास्टर लुंडे ट्रे घेऊन समोर आले. ऑर्व्हिलने मधल्या कड्यातला प्याला उचलला, ओठांशी नेला आणि थबकला. त्याच्या नाकपुड्या हलल्या.

वास आला त्याला! मारितने हात झटकला. प्याला उडाला, ट्रे उलथला, पायऱ्यांवरून जांभळे ओघळ धावले.

"अगं, काय हा धांदरटपणा!" आर्डिसबाई ओरडल्या.

"बाळ... बाळाचा धक्का लागला," असं पुटपुटत ती मागच्या खोलीत पळाली.

पाठोपाठ दार लोटून ऑर्व्हिल आत आला.

"मुद्दाम उडवलास ना प्याला?"

"माझ्याकडून अदलाबदल झाली हो. मधे वाइन गेली. तुम्ही प्यायला असतात तर..."

"रसच होता तो. या बाबतीत माझं नाक चुकत नाही."

"मग थांबलात का?"

"वास आला म्हणून. प्याल्याचा नव्हे, शेजारून. पेपरमिंटच्या आडून." ऑर्व्हिलने हळूच दाराची कडी लावली आणि दोन्ही हात पुढे केले. "इंगाला माझ्याकडे दे, पोरी. आणि त्याआधी गाडीची किल्ली."