सपाट रस्त्यावरचा चढ

कुलदीपच्या गाडीला टर्बो होताच. हौसेनं त्यानं ट्यूनिंग करून तिचा जोर आणखी वाढवून घेतला होता. आता अचलपूरहून अमरावतीला जाताना कपाशीच्या एका शेताजवळ ती रोज हिसके द्यायची आणि आपोआप खालच्या गिअरवर यायची.

उद्या त्याची बायको आकांक्षा बाळाला घेऊन दवाखान्यातून याच रस्त्यानं घरी येणार होती. म्हणून आज दुपारी कुलदीप तनवीर मिस्त्रींना शेजारी बसवून निघाला.

"जोर वाढवाले कोनं सांगतलं होतं? विमान उडवाचं होतं का तुले?" गाडीला जोडलेला लॅपटॉप मांडीवर उघडत तनवीरभाई म्हणाले.

ते शेत आलं. गाडीनं हिसका दिला.

पडद्यावर बाहेरच्या हवेच्या दाबाचा आकडा झरझर उतरताना तनवीरभाई बघतच राहिले. उंचावर हवा विरळ होत जाते आणि गाडीला ते कळतं.

"हे तं चिखलदऱ्याचा घाट चढून राहिली, कुलदीप."

"सेन्सर गेला असंल, भाई."

"कालच तं नवा टाकला."

कुलदीपच्या कानांना दडे बसले. मागच्या सीटवरचं चिप्सचं बंद पाकीट फुगून टम्म झालं. बाहेर रस्ता सपाट होता.

त्यानं गाडी थांबवली आणि दाराला हात घातला.

"उतरू नको, बेटा," तनवीरभाई हळूच म्हणाले.

त्यांनी काच खाली केली. भर दुपारी थंडगार वारा आत आला. त्यांनी खिशातला पाना काढून खिडकीबाहेर सोडला.

डांबर तर तिथेच, हाताच्या अंतरावर दिसत होतं. दोघं कान देऊन बसले.

पाना पडल्याचा आवाज अजून आला नव्हता.