खायचा सोडा, धुण्याचा सोडा

"पुन्हा राखाडी!" तिने चाचणीचा ओला तुकडा खिडकीशी धरला. कोऱ्या फिल्मचा तो तुकडा काचेसारखा स्वच्छ निघायला हवा होता. त्यावर धुकं पसरलं होतं.

नवरा दारात उभा होता. खाली त्यांची बेकरी होती आणि त्याचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते.

"म्हणजे तुझा डेव्हलपर बिघडला?"

"डेव्हलपर नाही, त्यातला धुण्याचा सोडा. वास घेऊन बघा."

त्याने सोड्याच्या पुड्याला नाक लावलं. "गुलाब?"

"गुलाबच. कपड्यांना वास यावा, चमक यावी म्हणून काय काय घालतात त्यात. कपड्यांना ते चालतं. फिल्मला नाही चालत."

फिल्म धुण्याचं तयार औषध, म्हणजे डेव्हलपर, दुकानांतून कधीच नाहीसं झालं होतं. तिचा स्टुडिओही बंद पडला होता, पण हातची विद्या शाबूत होती. बाकीच्या पावडरी तिने बाटल्यांत बंद करून जपल्या होत्या. फक्त सोडा संपला म्हणून वाण्याकडून आणला आणि त्यानेच घात केला.

एरवी तिने हसून सोडून दिलं असतं. पण हा रोल हौसेचा नव्हता. गावामागे नदी जिथे वळते, तिथला काठ भराव टाकून बुजवायचा घाट घातला गेला होता. तिथे पाणमांजर आहे, असं ती सांगत फिरत होती आणि कुणाला ते पटत नव्हतं. मोबाइलवरचा फोटो दाखवला तेव्हा कचेरीतले साहेब गालात हसले होते. "बाई, आजकाल कॉम्प्युटर हत्तीलासुद्धा सूर मारायला लावतो. निगेटिव्ह आणा, मग बोलू."

तिने जुना कॅमेरा बाहेर काढला. उरलासुरला एकुलता एक रोल त्यात भरला आणि रोज संध्याकाळी चिखलात बसून काठाचा एखाददुसरा फोटो काढू लागली. एकदा अंधारून येताना पाणी फुटलं. तिने फ्लॅशसकट बटण दाबलं. डोळ्यांवरची तिरीप ओसरेपर्यंत नदी पुन्हा शांत झाली होती. नक्की काय सापडलं, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. आणि उद्या सकाळी भरावाबद्दल साहेबांचा निकाल होता.

"शुद्ध सोडा मागवू या का कुठून?" नवऱ्याने विचारलं.

"उद्याच्या आत कोण आणून देतंय?" ती वैतागून म्हणाली. मग तिची नजर त्याच्या हातांवर थबकली. "अहो, तुमचा खायचा सोडा किती शुद्ध असतो?"

"काय बोलतेस! लोकांच्या पोटात जातो तो."

"मग भट्टी तापवा. खायचा सोडा खरपूस भाजला की त्याचा धुण्याचा सोडा होतो. तोही बिनगुलाबाचा."

नवऱ्याने ट्रेमध्ये सोडा पसरला. "जन्मभर काय काय भाजलं, आता हेही करू," असं पुटपुटत तो भट्टीपाशी उभा राहिला. ती मधूनमधून ट्रे काट्यावर ठेवायची. वजन उतरायचं थांबलं, तेव्हा कुठे तिने मान डोलावली. मग ऊर्ध्वपातित पाण्यात एक पावडर पुरती विरघळल्यावरच दुसरी घालायची, असं करत तिने द्रावण बनवलं आणि कागदातून गाळलं.

यावेळी चाचणीचा तुकडा लख्ख निघाला.

तिने रोल डब्यात भरला. घड्याळ बघत तो हलवला. अखेर धुतलेली फिल्म दोरीवर लटकली, तर पलीकडची खिडकी आरपार दिसत होती.

"जिंकलीस गं!" त्याने टाळी वाजवली. पिठाचा ढग उडाला.

ती मात्र फ्लॅश मारलेल्या त्या एका फोटोवर वाकली होती. तिचा चेहरा उतरला. फोटोत बारीक काळे ठिपके होते.

"पावडरीचे कण राहिले," ती स्टुलावर मटकन बसली. "न विरघळलेल्या कणांचे असेच डाग पडतात. नेमके याच फोटोवर पडायचे होते!"

नवऱ्याने चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अगं, बाकीच्या फोटोंवर एकही डाग नाही. आणि डाग असे जोडीजोडीने पडतात का कुठे?"

ती ताडकन उठली. भिंग लावलं. पुढे एक चपटं डोकं, मिशा आणि दोन ठिपके. मागे गवताच्या आडोशाला आणखी चार जोड्या, लहान लहान, जमिनीलगत. फ्लॅशमध्ये जे लकाकतं, ते निगेटिव्हवर काळं उमटतं.

"डोळे!" ती ओरडली. "अहो, डोळे आहेत हे!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मोठा केलेला फोटो उजेडात धरला. त्यात आता ठिपके पांढरे दिसत होते. "फिल्म खराब दिसतेय तुमची."

"फिल्म शुद्ध आहे, साहेब. ही निगेटिव्हही घ्या. भिंगातून बघा."

साहेबांनी बघितलं. पुढची जोडी बघितली, मग मागच्या लहान जोड्यांवरून बोट फिरवलं. भिंग खाली ठेवून त्यांनी फोन उचलला.

"भरावाचे ट्रक परत फिरवा. तिथे बाळंतीण राहते."