चार सेकंदांची रिकामी जागा

माझे ज्येष्ठ बंधू धर्मपालदादा एकेकाळी मुलांच्या रेडिओ कार्यक्रमासाठी विजेच्या यंत्रावर संगीत रचीत असत. सात स्वर यंत्र वाजवी. आठव्याच्या जागी ते चार सेकंद रिकामे सोडीत. तो स्वर घरोघरी मुलांनी गावयाचा, मग पुढचा सूर येई.

पक्षाघातानंतर आठ महिने दादांच्या मुखातून शब्द निघालेला नव्हता. जुने काही ऐकवा, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून मी अकोटहून त्या कार्यक्रमाची टेप घेऊन अकोल्यास आलो आणि भरदुपारी त्यांच्या खाटेजवळ लाविली.

सात स्वर झाले. आठवा कोणी गायिला नाही.

"साऱ्या वऱ्हाडातल्या पोट्ट्यायले गायले लावलं, अन् सोता काहून गप जी?" ललितावहिनी दादांना म्हणाल्या. "भाऊजी, अजून एक डाव लावा."

मी पुन्हा लाविली. सात स्वर झाले. चार सेकंद उलटले, परंतु पुढचा सूर येईना. टेप फिरत होती. पंखाही फिरत होता, मात्र त्याची कुरकुर थांबली होती. वहिनींचे ओठ हलले, आवाज आला नाही.

नंतर दादांचे ओठ हलू लागले.

मी त्यांच्या मुखाशी कान नेला. श्वास उष्ण लागत होता. ऐकू काहीच येत नव्हते. त्यांची दृष्टी खाटेपलीकडील मोकळ्या जागेत, लहान मुलांच्या उंचीवर होती. ती एकेका ठिकाणी थांबे, दादा मान डोलवीत, आणि दृष्टी पुढे सरके.

पुढचा सूर वाजला. पंखा कुरकुरला. दादांचे ओठ मिटले.

"काय म्हनले ते, भाऊजी?" वहिनींनी विचारिले. "तुमी तं कान लावला होता."