एकाच शब्दाचे दोन अर्थ

यंत्रहाताच्या पोलादी पंजात इरफानचं मनगट सापडलं. यंत्र थांबवलं, तरी पंजा उघडेना. किंचाळणाऱ्या इरफानचं डोकं नेमकं वर टांगलेल्या यांत्रिक घणाखाली आलं होतं.

“अवो मामा, सोड म्हना की त्याला!” फोरमन ओरडला. पडद्यासमोर बसलेल्या चौगुलेमामांनी घाईघाईनं ‘सोड’ असा हुकूम टाइप केला. बटण दाबायचंच बाकी होतं.

शेजारी उभ्या मालविकाची नजर पडद्यावर गेली. प्रोग्राम तिनंच लिहिला होता. टाइप केलेला हुकूम निवडलेल्या यंत्राकडे जसाच्या तसा जायचा. पंजाला ‘सोड’ म्हटलं की तो बोटं उघडायचा; घणाला म्हटलं की तो खाली कोसळायचा. मामांच्या पडद्यावर घण निवडलेला होता.

सांगण्याइतका वेळ नव्हता. हाती लागला तो पाना तिनं मामांच्या मनगटावर घातला. हाड मोडलं. फोरमननं तिचे केस धरून मागं ओढलं, तोंडावर ठोसा मारला; तरी तिनं हात लांबवून पंजा निवडला आणि बटण दाबलं.

पंजा उघडला. इरफान रक्ताळलेला हात छातीशी धरून बाहेर लोळला.

“म्हाताऱ्याचा हात मोडतीस?” फोरमननं पुन्हा हात उगारला.

“मामा, हुकूम घणाला जात होता,” मालविका फुटक्या ओठांनी म्हणाली. “एकच शब्द दोन्ही यंत्रांना मीच दिला.”

मामांनी मान वर करून घणाकडे पाहिलं. मग त्यांनी शाबूत हातानं फोरमनचं मनगट धरलं.

“मारायचंच तर आधी मला मार.”